दुर्बीण घेताना खोक्यावरचा आकडा पाहू नका

चष्म्याच्या दुकानात दुर्बीण विकायला ठेवावी का, असा प्रश्न माझ्या भाच्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मला विचारला. तालुक्याच्या गावी त्याचे चष्म्याचे लहानसे दुकान आहे. एका घाऊक व्यापाऱ्याचा माणूस त्याच्याकडे नमुना ठेवून गेला होता. वीस नग घेतल्यास भावात सवलत, निम्मी रक्कम आगाऊ आणि विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशा अटी होत्या. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र व त्याखाली ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असे छापलेले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हापासून शाळकरी मुलांच्या तोंडी चंद्र-तारे आहेत. परीक्षेत चांगले गुण मिळाले तर दुर्बीण घेऊन देतो असे पालक म्हणू लागले आहेत आणि तालुक्याला ती वस्तू मिळत नाही. म्हणजे धंद्याला वाव आहे, हे भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते. ‘‘मामू, माल घेऊ का?’’ एवढेच त्याला विचारायचे होते.

मी त्याला थांबवले. कारण असेच एक खोके सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या मुलासाठी आणले होते. साडेतीन हजार रुपये मोजले होते आणि त्या काळी ती रक्कम मला जड होती. पहिल्या रात्री आम्ही बापलेक गच्चीवर दोन तास झटलो. चंद्र सापडला, पण तो पाण्याखाली ठेवलेल्या नाण्यासारखा हलत होता. तिपाईला बोट लागले की सगळे चित्र निघून जाई. चार रात्री असे केल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, यातून काही दिसत नाही.’’ पाचव्या दिवशी दुर्बीण माळ्यावर गेली आणि मुलाने पुन्हा कधी तिचे नाव काढले नाही. दुकानदाराकडे परत गेलो तर तो म्हणाला, तुम्हाला वापरता येत नाही. त्या वेळी मला ते खरेही वाटले.

आज तीच वस्तू भाच्याच्या फळीवर वीस नगांत येऊ पाहत होती. गावात दुकान चालवणाऱ्याला हा सौदा दुहेरी महाग पडतो. माल पडून राहिला तर भांडवल अडकते आणि माल विकला गेला तर गिऱ्हाईक तुटते, कारण तेच गिऱ्हाईक उद्या चष्म्यासाठीही येणार असते.

५२५ पट येतात कोठून?

हा आकडा कोणी हवेतून आणलेला नाही. तो गणिताने बरोबर आहे आणि म्हणूनच त्यात माणूस फसतो. दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगाची फोकल लेंथ भागिले डोळ्याजवळच्या भिंगाची, म्हणजे आयपीसची, फोकल लेंथ, हे मोठेपणाचे सूत्र आहे. नमुन्याच्या नळीवर ७०० मिलिमीटर लिहिले होते. सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस होता. ७०० ला ४ ने भागले की १७५ येतात. त्यात ‘बार्लो’ नावाची तिप्पट करणारी नळी लावली की ५२५ होतात. झाला आकडा तयार.

पण पुढचे भिंग होते फक्त ६० मिलिमीटर व्यासाचे. दुर्बिणीचे खरे भांडवल हा व्यास असतो. जितका प्रकाश गोळा होईल तितकाच पसरवता येतो. भिंगाच्या मिलिमीटरमागे दोन पट ही चांगल्या हवेत, चांगल्या भिंगाची कमाल मर्यादा मानली जाते. ६० मिलिमीटरला १२० पट, ७० ला १४०, ११४ ला २२८. त्यापुढे चित्र मोठे होते, पण नवीन काही दिसत नाही. नुसते अंधारते आणि पुसट होते. शेरभर दुधात हंडाभर पाणी ओतून दूध वाढले म्हणण्यासारखे हे आहे.

आणखी एक अडचण खोक्यावर कोणी छापत नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते. साध्या आयपीसमधून ५२५ पटीला आकाशाचा जो तुकडा दिसतो तो इतका चिमुकला असतो की शनी त्यात या कडेने शिरून त्या कडेने बाहेर पडायला वीस सेकंदही लागत नाहीत. थरथरत्या तिपाईवर वीस सेकंदांत नवशिक्याने काय पाहावे?

मग किती पट लागतात? वाचकांना आश्चर्य वाटेल, पण फार थोडे. पृथ्वीच्या जवळ आलेला गुरू अवघ्या ४० पटीने पाहिला तर नुसत्या डोळ्याला पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढ्या आकाराचा दिसतो. शनीची कडी २५-३० पटीला ओळखू येतात, ५० पटीला स्वच्छ दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून. कृत्तिकांचा पुंजका तर पट जितके कमी तितका सुंदर दिसतो, जास्त पट लावले की तो चौकटीत मावतच नाही.

प्रकाशाचा हिशेब

व्यासाचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन कळावा असा आहे. अंधारात सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या दसपट रुंद, म्हणून शंभरपट प्रकाश घेते, कारण हा हिशेब वर्गाने चालतो. ११४ मिलिमीटरचा आरसा सुमारे २६५ पट आणि १३० मिलिमीटरचा सुमारे ३४५ पट. म्हणजे ७० वरून १३० वर गेले तर रुंदी दुपटीलाही पोचत नाही, पण प्रकाश जवळजवळ साडेतीनपट होतो. बारीक तपशील वेगळा दाखवण्याची शक्तीही व्यासाबरोबर वाढते. म्हणून कोणतीही दुर्बीण समोर आली की पहिला प्रश्न विचारावा, ‘‘व्यास किती?’’ दुकानदाराने उत्तरादाखल पट सांगितले तर समजून जावे.

नळीवर छापलेला व्यासही डोळे झाकून घेऊ नये. स्वस्त मालात पुढे ६० मिलिमीटरचे भिंग बसवतात आणि आत नळीमध्ये लहान भोकाची एक चकती घालतात. भिंग हलके असते, त्याच्या कडेचा भाग चित्र बिघडवतो, तो भाग चकतीने झाकला जातो. गिऱ्हाईक ६० चे पैसे देते आणि त्याला प्रत्यक्षात निम्माच व्यास मिळतो. पुढून विजेरीचा प्रकाश टाकून आत पाहिले की ही चकती दिसते. भाच्याच्या नमुन्यात ती होती.

आटोपशीर दुर्बिणीचे प्रकार

आपल्याकडे बहुतेकांचे घर लहान, गच्ची सामाईक आणि जिना अरुंद. त्यामुळे मोठी नळी आणि जड लोखंडी स्टँड ही चैन परवडली तरी वापरली जात नाही. एका हाताने उचलून दोन मिनिटांत गच्चीवर नेता येईल तीच दुर्बीण महिन्यातून चार वेळा बाहेर निघते. या मापात बसणारे प्रकार मोजकेच आहेत.

पहिला प्रकार भिंगाच्या आखूड नळीचा. ७० मिलिमीटर व्यास, ४०० मिलिमीटर फोकल लेंथ, सोबत २० आणि १० मिलिमीटरचे आयपीस, म्हणजे २० आणि ४० पट. पिशवीसकट शाळेच्या दप्तराएवढा ऐवज. चंद्र, गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ एवढे तो सुखाने दाखवतो; गावाकडे नेऊन दिवसा पक्षीही पाहता येतात, कारण जोडीला मिळणारे तिरके प्रिझम वा आरसा चित्र सरळ करतो. दोष दोन. तेजस्वी वस्तूंच्या कडेला जांभळी झालर दिसते आणि सोबत येणारी फोटोची तिपाई इतकी तकलादू असते की ती खोक्यातच राहू द्यावी. घरात कॅमेऱ्याची दणकट तिपाई असेल तर हा सौदा चांगला, नसेल तर तिपाईची किंमत धरून हिशेब करावा. याच व्यासाची ७०० मिलिमीटरची लांब नळी ग्रहांवर अधिक स्वच्छ चित्र देते, पण ती आटोपशीर राहत नाही आणि तिला स्टँडही भक्कम लागतो.

दुसरा प्रकार टेबलावर ठेवायच्या आरशाच्या दुर्बिणीचा. माझे मत विचाराल तर नवशिक्यासाठी पहिली पसंती हीच. तिला तिपाईच नसते. लाकडी बैठकीवर नळी वरखाली होते आणि बैठक स्वतःभोवती फिरते, बस. ही रचना सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांच्या नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ वेदान्त मठात संन्यासी होते. जवळ पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे करीत आणि प्लायवुडच्या खोक्यात बसवून रस्त्याच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवीत. २०१४ साली ते वारले. त्यांच्या बैठकीवर आज जगभरचे कारखाने धंदा करतात. ७६, ११४ आणि १३० मिलिमीटर अशा मापांत या दुर्बिणी मिळतात. ७६ ची छोटी २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षाच्या निमित्ताने बाजारात आली. ती गोंडस आहे, पण पट वाढवले की तिचा आरसा उघडा पडतो. लहान मुलाच्या वाढदिवसाला ठीक. ११४ व १३० च्या मात्र खऱ्या कामाच्या. १३० मिलिमीटर व ६५० मिलिमीटर फोकल लेंथच्या एका प्रसिद्ध नमुन्याची नळी कमी जागेत मावावी म्हणून दांड्यांवर आत सरकते आणि सगळे वजन सहा किलोच्या आसपास राहते. टेबल, स्टूल, पाण्याची रिकामी टाकी उलटी घातलेली, काहीही भक्कम चालते. आरसे अधूनमधून स्क्रूने जुळवावे लागतात. पहिल्यांदा भीती वाटते, दुसऱ्यांदा पाच मिनिटे लागतात.

तिसरा प्रकार मॅक्सुटॉव्ह. १९४१ च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मॅक्सुटॉव्ह यांनी काढलेल्या या रचनेत पुढे जाड वक्र काच आणि मागे आरसा असतो. प्रकाश आत दुमडून घेतल्यामुळे ९० मिलिमीटरची १२५० मिलिमीटर फोकल लेंथची दुर्बीण तांब्याएवढ्या नळीत मावते. मुंबईत इमारतींच्या फटीतून जेवढे आकाश दिसते तेवढ्यात चंद्र आणि ग्रहच पाहायचे असतील तर हिच्यासारखी नाही. आकाशाचा तुकडा मात्र लहान दिसतो, घरातून बाहेर काढल्यावर काच थंड व्हायला अर्धा तास द्यावा लागतो आणि त्याच व्यासाच्या इतर दुर्बिणींपेक्षा ती महाग पडते.

चौथा प्रकार नव्या जमान्याचा. २०२३ पासून ५० मिलिमीटरच्या, डोळा न लावता मोबाईलवर चित्र दाखवणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणी आल्या आहेत. शहराच्या उजेडातूनही त्या तेजोमेघांचे रंगीत फोटो काढतात. वस्तू खरी आहे, फसवणूक नाही. पण तो कॅमेरा आहे. शनी पाहिल्यावर माणसाच्या तोंडून जो उद्गार निघतो तो पडद्यावरच्या चित्राने निघत नाही, असा माझा अनुभव.

एका प्रकारापासून दूर राहावे. नळी आखूड, आकडे मात्र १२७ मिलिमीटर व्यास आणि १००० मिलिमीटर फोकल लेंथ, असा मेळ दिसला की आत आयपीसच्या नळीत एक जादा भिंग दडवलेले आहे असे समजावे. आरसा साधा गोलाकार घासलेला असतो आणि त्याचा दोष त्या भिंगाने झाकायचा प्रयत्न असतो. स्वस्त मालात हा प्रयत्न साधत नाही, आरसे जुळवणेही कठीण होते. त्यावर तिरक्या आसाचे, वजने लटकवलेले स्टँड दिलेले असते. ते दिसायला वैज्ञानिक, पण नवशिक्याला पहिल्याच रात्री रडवणारे.

चोरबाजारात आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत पितळी दुर्बिणी दिसतात. बैठकीच्या खोलीत त्या छान दिसतात, तेवढ्यासाठीच घ्याव्यात.

लेबले अनेक, कारखाने थोडे

व्यापार करणाऱ्याने या धंद्याची आतली घडण जाणून घ्यावी. खोक्यावर अमेरिकन नाव असले तरी नवशिक्यांच्या दुर्बिणी बहुतांशी चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत तयार होतात. तैवानमध्ये १९८० साली सुरू झालेल्या सिंटा कंपनीचे कारखाने चीनमध्ये सूचौ येथे आहेत. स्काय-वॉचर हे तिचेच नाव आणि सेलेस्ट्रॉन ही जुनी अमेरिकन कंपनी २००५ साली तिनेच घेतली. दुसरा मोठा उत्पादक निंगबो सनी. त्याने २०१३ साली मीड ही अमेरिकन कंपनी विकत घेतली. या दोन बड्यांनी संगनमत करून भाव ठरवले आणि बाजार वाटून घेतला, असा दावा ओरायन या अमेरिकन विक्रेत्या कंपनीने न्यायालयात केला. २०१९ साली ज्यूरीने निंगबो सनीविरुद्ध निकाल दिला. नुकसानभरपाई १ कोटी ६८ लाख डॉलर ठरली व तिथल्या कायद्याप्रमाणे ती तिप्पट झाली. मीड दिवाळ्यात गेली आणि २०२१ साली खुद्द ओरायननेच ती घेतली. एवढी लढाई जिंकूनही जुलै २०२४ मध्ये ओरायन आणि मीड दोन्हींचे शटर खाली आले.

दुकानदाराला याचा उपयोग असा की नावावर जादा पैसे मोजू नयेत. तोच कारखाना, तोच आरसा, निरनिराळ्या लेबलांनी येतो. व्यास, फोकल लेंथ, आयपीसचे माप व बैठक या चार गोष्टी जुळल्या तर स्वस्त लेबल घ्यावे. आणि हमीपत्रावर भारतातल्या आयातदाराचे नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक आहे की नाही पाहावे. बंद पडलेल्या परदेशी कंपनीची हमी कागदाच्याही किमतीची नसते. किमती डॉलरबरोबर महिन्यागणिक हलतात, म्हणून येथे आकडे देत नाही. तीन ठिकाणचे लेखी भाव मागवावेत आणि वाहतूक, आरशाच्या मोडतोडीची जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून घ्यावे.

दुकानात करायच्या तपासण्या

आयपीसच्या नळीवर फूटपट्टी ठेवा. सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर माप असेल तर पुढे चांगले आयपीस कोठूनही घेऊन बसवता येतील. एक इंचाहून थोडे कमी, सुमारे २४.५ मिलिमीटर, भरले तर ते जुने माप आहे आणि त्यात सुधारणेला वाव नाही. आयपीसवर ‘एच’ किंवा ‘एसआर’ अशी अक्षरे असली तर तो हलका माल. ‘प्लॉसल’ असेल तर बरा.

दुर्बीण स्टँडवर लावून समोरच्या रस्त्यावरची लांबची पाटी पाहा आणि नळीला हलकेच टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत थरथर थांबली पाहिजे. मनात दहा म्हणेपर्यंत पाटी नाचत असेल तर बाकीचे तपासायचे कष्ट घेऊ नका. शोधक म्हणून लाल ठिपक्याचा असेल तर नवशिक्याला सोपा. प्लॅस्टिकच्या भिंगाची बारीक नळी दिली असेल तर ती नसल्यातच जमा.

सूर्याविषयी येथेच बजावून ठेवतो. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहिले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. स्वस्त खोक्यांत आयपीसला लावायची ‘सन’ लिहिलेली काळी काच देतात. उष्णतेने ती तडकते आणि डोळा आतच असतो. ती काच गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी फोडून टाकावी. सूर्य पाहायचा तर खास गाळणी नळीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण तोंड झाकेल अशी बसवावी लागते. ग्रहणाचे कागदी चष्मे दुर्बिणीसोबत चालत नाहीत.

८ डिसेंबरची रात्र

भाच्याला नुसते सांगून पटले नसते. गावातल्या महाविद्यालयाच्या एका प्राध्यापकांकडे ११४ मिलिमीटरची टेबलावरची दुर्बीण आहे, ती आम्ही एका रात्रीपुरती मागून आणली. रविवार, ८ डिसेंबर २०२४. आकाशात अर्धा चंद्र, त्याच्या शेजारीच शनी. गुरू आदल्याच दिवशी सूर्यासमोर आलेला, म्हणजे वर्षातला सर्वांत तेजस्वी, रोहिणीजवळ. (रोहिणीलाच अल्देबरान म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मागून येणारा. कृत्तिकांच्या, म्हणजे सुरैय्याच्या मागून ती उगवते म्हणून.)

दोन्ही दुर्बिणी गच्चीवर शेजारी मांडल्या. घरातली मुले, शेजारचे दोघे-तिघे आणि आमच्या आपा गुडघेदुखी विसरून वर आल्या. नमुन्यातून गुरू एक थरथरता रंगीत डाग दिसला. ११४ च्या दुर्बिणीतून ४५ पटीला गुरूची तबकडी, तिच्यावरचे दोन पट्टे आणि चंद्र ठिपक्यांसारखे एका ओळीत. मुले ओरडायची थांबेनात. आपांना चंद्र दाखवला. अंधार-उजेडाच्या सीमेवरची विवरे पाहून त्या किती तरी वेळ डोळा काढीनात. मग म्हणाल्या, ‘‘बेटा, हे चुन्याच्या भिंतीसारखे उखडलेले आहे.’’

शनीने मात्र आम्हाला अडचणीत आणले. कडी खोक्यावरच्या चित्रासारखी नव्हती. लिंबात काडी खुपसावी तशी बारीक रेघ दिसत होती. हा दोष दुर्बिणीचा नव्हे. साधारण पंधरा वर्षांनी शनीच्या कड्यांची कड आपल्याकडे होते, तशी ती मार्च २०२५ मध्ये होणार होती. त्यानंतर कडी दरवर्षी अधिक उघडत जातात आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले पाहिजे, नाहीतर चांगला माल खोटा ठरतो. तीच गोष्ट देवयानीतल्या दीर्घिकेची. अब्दुर रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ मध्ये तिची नोंद लहानसा ढग अशी केली. छोट्या दुर्बिणीतून आजही ती तशीच, धुरकट ढगासारखी दिसते. रंगीत चित्र पाहून आलेल्याला हे ठाऊक नसेल तर तो दुसऱ्या दिवशी खोके घेऊन दारात उभा राहतो.

भाच्याने सौदा कसा केला

त्याने वीस नगांचा सौदा सोडला. एका आयातदाराकडून ११४ च्या दोन आणि ७० च्या आखूड नळीच्या दोन दुर्बिणी रोखीने घेतल्या. त्याच पैशांत १० गुणिले ५० मापाच्या सहा द्विनेत्री घेतल्या. द्विनेत्री म्हणजे दोन डोळ्यांची साधी दुर्बीण. पहिला आकडा पटीचा, दुसरा व्यासाचा. ज्याला छंद टिकेल की नाही याची खात्री नाही त्याने सुरुवात हिनेच करावी हे माझे जुने मत आहे. छंद सुटला तरी ती शेतावर, प्रवासात कामाला येते. रमजान-ईदच्या चंद्रकोरीसाठीही लोक हीच मागतात. शरई बाजू हा या पानाचा विषय नव्हे, व्यवहाराची गोष्ट एवढीच की सूर्य पूर्ण मावळल्यावरच ती पश्चिमेकडे वळवावी.

विकण्याची त्याची पद्धत मला आवडली. गिऱ्हाईक आले की पैसे घेत नाही. संध्याकाळी इशानंतर गच्चीवर या म्हणतो, मुलाला घेऊन या. मुलाच्या हातात दुर्बीण देतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. मुलाला स्वतः चंद्र सापडला तरच विक्री. दोघांना त्याने परत पाठवले, वर्षभराने या म्हणाला. दोन महिन्यांत चारही दुर्बिणी गेल्या. द्विनेत्रीपैकी दोन उरल्या होत्या. एक दुर्बीण परत आली, कारण आरसा वाहतुकीत हलला होता. त्याने समोर बसून तो जुळवून दिला व पैसे घेतले नाहीत. नफा बेताचाच सुटला. घाऊक व्यापाऱ्याच्या खोक्यांत दरनगी नफा जास्त होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पावसाळ्याचा विचार त्याला मी करायला लावला. जूनपासून चार महिने आपल्याकडे आकाश दिसत नाही, मागणी बसते आणि दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. माल हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर कोरड्या कराव्यात. आरसा कपड्याने पुसू नये. धूळ बसली तर चालते, ओरखडा चालत नाही. खरेदीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यासाठी ऑर्डर ऑगस्टमध्ये जावी.

ज्यांना घेण्यापूर्वी निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहायचे आहे त्यांनी हौशी आकाशनिरीक्षकांच्या कार्यक्रमाला एकदा जावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करीत आली आहे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन भरवत आले आहे. एका रात्रीच्या प्रवेशशुल्कात हजारो रुपयांची चूक टळते.

भाच्याकडे आता नवी चौकशी सुरू झाली आहे ती सूर्याच्या गाळण्यांची. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा स्पेन, मोरोक्को, इजिप्तमधील लक्सर असा येत मक्का व जेद्दावरून जातो. आपल्याकडे ते खंडग्रास असून ऐन पावसाळ्यात येते, पण गावातली बरीच मुले आखाती देशांत नोकरीला आहेत आणि त्यांचे निरोप येऊ लागले आहेत. नळीच्या तोंडाला बसणारी गाळणी मागवताना दुर्बिणीच्या तोंडाचा बाहेरचा घेर मिलिमीटरमध्ये मोजून कळवावा, नुसता भिंगाचा व्यास कळवू नये. ग्रहण जवळ आले की हा माल मिळेनासा होतो आणि नकली काचा बाजारात शिरतात, म्हणून ज्यांना हवी त्यांनी वर्ष-सहा महिने आधीच नोंदणी करावी.